चिचेन इत्सा आणि तेथील सेनोते

चिचेन इत्सा : मेक्सिकोच्या यूकातान राज्यातील प्राचीन माया नगराचे अवशेष. उ. अक्षांश २०° ४१', प. रेखांश ८८° ३४'. राज्याची राजधानी मेरिदा येथून पूर्वेस सुमारे १२० किमी., वायादोलिदपासून पश्चिमेस सुमारे ४० किमी. आणि कॅरिबियन किनाऱ्यावरील कान्कूनपासून सुमारे २०० किमी. लगतचे गाव पिस्ते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८८ पासून समावेश. २००७ मध्ये जगभरच्या मतदानातून ठरलेल्या ‘नव्या सात आश्चर्यां’त ताजमहालाच्या जोडीने याचेही नाव आले. बहुतेक प्रवासी कान्कूनहून सकाळी निघून रात्री परततात आणि वाटेत एखाद्या सेनोतेत पोहून घेतात.

‘ची’ म्हणजे तोंड, ‘चेएन’ म्हणजे विहीर. इत्सा हे इथे नांदलेल्या लोकांचे नाव. ‘इत्सांच्या विहिरीचे तोंड’ असा नावाचा अर्थ होतो. छायाचित्रांत सगळीकडे पिरॅमिड दिसतो, पण गावाला नाव विहिरीचे आहे. जागा पाहायची तीही याच क्रमाने, आधी पाणी आणि मग दगड.

यूकातानचा उत्तर भाग म्हणजे चुनखडीचे एक सपाट, सच्छिद्र पठार. इथे पाऊस भरपूर पडतो, पण जमिनीवर एकही नदी वाहत नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, फटींतून खाली झिरपते आणि वाटेतला चुनखडक विरघळवत जाते. अशा रीतीने हजारो वर्षांत खाली गुहा आणि भुयारी प्रवाह तयार झाले. एखाद्या गुहेचे छत पातळ होऊन कोसळले की वर गोल खड्डा पडतो आणि तळाशी भूजल उघडे होते. माया भाषेत त्याला ‘त्सोनोत’ म्हणतात. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘सेनोते’ झाले. मराठीत ‘नैसर्गिक विहीर’ म्हणता येईल, पण ही विहीर कोणी खणलेली नाही आणि तिचे पाणी शेजारच्या दहा विहिरींशी जमिनीखालून जोडलेले असते, हे त्या शब्दात येत नाही. पठाराच्या वायव्येस सेनोतेंची एक अर्धवर्तुळाकार रांगच आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या, आता गाडल्या गेलेल्या चिक्शुलूब विवराची कड तिने आखून दिली आहे. डायनासोरांचा अंत ज्या आघाताशी जोडला जातो, तो हाच. चिचेन इत्सा त्या रांगेत येत नाही. इथले सेनोते साध्या पावसाने कोरलेले आहेत.

नगराच्या परिसरात असे दोन मोठे खड्डे आहेत. दक्षिणेकडच्या श्तोलोक सेनोतेचे पाणी रोजच्या वापराचे होते. उत्तरेचा मोठा सेनोते देवाचा. पर्जन्यदेव चाक याला तिथे अर्पणे वाहिली जात. पिरॅमिडपुढच्या पटांगणातून सुमारे ३०० मीटर लांबीचा उंचावलेला रस्ता थेट त्याच्या काठाशी जातो. अशा रस्त्याला ‘साकबे’ म्हणजे पांढरी वाट म्हणतात. वर चुनखडीचा गिलावा असल्याने तो चांदण्यात उजळ दिसत असे. या पवित्र सेनोतेचा व्यास सुमारे ६० मी. असून उभ्या कडांखाली २० मीटरांहून अधिक खोलीवर हिरवट, निश्चल पाणी दिसते. उतरायला पायरी नाही आणि पोहायला परवानगी नाही. घाईच्या सहलींत नेमकी हीच जागा गाळली जाते. वेळ कमी पडत असेल तर खरेदी सोडावी, पण ही वाट चालून यावी.

अमेरिकी वाणिज्यदूत एडवर्ड टॉम्पसन याने १८९४ मध्ये इथली जहागीर विकत घेतली आणि १९०४ पासून काही वर्षे या सेनोतेचा गाळ उपसला. जेड, सोन्याच्या पत्र्याच्या चकत्या, तांब्याच्या घंटा, कोपाल या सुगंधी राळेचे गोळे, मातीची भांडी आणि माणसांची हाडे त्यातून वर आली. काही सोने थेट आजच्या कोस्टारिका-पनामा भागातले आहे. म्हणजे या विहिरीची ख्याती किती दूरवर होती ते कळते. वस्तूंचा मोठा हिस्सा हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेला. त्यावरून मेक्सिकोत दीर्घ वाद चालला आणि पुढे काही वस्तू परत आल्या.

सेनोतेतून निघालेले एक भांडे जवळून पाहण्यासारखे आहे. तीन पायांचा तो मातीचा वाडगा १९०४ साली निघाला आणि शिकागोच्या फील्ड संग्रहालयात कित्येक दशके पडून राहिला. आत कोपालचा घट्ट गोळा, त्यात पांढरे-निळे कण. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा पॅलिगॉर्स्काइट नावाची पांढरी माती आणि नीळ सापडली. ही दोन कोपालच्या मंद आचेवर एकजीव केली की ‘माया निळा’ तयार होतो. शतकानुशतके दमटपणात राहूनही तो विटत नाही. उपसा करणाऱ्यांना सेनोतेच्या तळाशी सुमारे १४ फूट जाडीचा निळा गाळ लागला होता आणि त्याचे कारण उमगत नव्हते. अर्पणाच्या वस्तू निळ्या रंगवून पाण्यात सोडत, तोच रंग धुपून खाली बसला होता. या वाडग्यावरून असे दिसते की रंग काठावर, विधी चालू असतानाच तयार होत असे.

‘इथे सुंदर कुमारिकांना पाण्यात लोटत’ ही कथा अजूनही अनेक मार्गदर्शक रंगवून सांगतात. ती खरी मानू नये. सेनोतेतल्या हाडांमध्ये पुरुष, स्त्रिया, मुले सगळेच आहेत. सेनोतेजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ मध्ये शंभरावर बालकांचे अवशेष मिळाले होते. त्यांपैकी ६४ जणांच्या जनुकांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मुलगे होते. अनेक एकमेकांचे निकटचे नातलग होते आणि त्यांत एकरूप जुळ्यांच्या दोन जोड्याही होत्या. माया पुराणकथांत जुळ्या वीरांना मोठे स्थान आहे, तेव्हा जुळी मुले योगायोगाने आली नसावीत असे संशोधकांना वाटते. याच अभ्यासात जवळच्या एका माया गावातल्या रहिवाशांचे नमुनेही तपासले होते. आजच्या लोकांची नाळ त्या जुन्या रहिवाशांशी जुळते, हे त्यातून दिसले. कुमारिकांच्या कथेपेक्षा हे वास्तव जास्त विदारक आहे. ते सांगताना आवाज खाली यायला हवा.

नगराचा भरभराटीचा काळ साधारण इ. स. ८०० ते ११००. दक्षिणेकडच्या जुन्या इमारती पूक शैलीच्या आहेत. कोपऱ्या-कोपऱ्यावर लांब, वळलेल्या नाकाचे मुखवटे रचलेले, एकेक मुखवटा अनेक घडीव दगड जुळवून केलेला. उत्तरेकडच्या वास्तूंत पिसांचे सर्प, योद्ध्यांचे खांब आणि आडव्या बसलेल्या चाकमोल मूर्ती येतात आणि मध्य मेक्सिकोतल्या तूलाशी त्यांचे साम्य ठळक आहे. तूलाच्या टोल्टेक लोकांनी स्वारी करून हे आणले, असे पूर्वी ठामपणे लिहिले जाई. आता व्यापार आणि देवाणघेवाण यांवर जास्त भर दिला जातो. पुढे सत्ता मायापान या नगराकडे सरकली, तरी सेनोतेची यात्रा थांबली नाही. १५३० च्या दशकात धाकटा मोन्तेहो या स्पॅनिश सेनानीने इथे स्पॅनिश शहर वसवण्याचा प्रयत्न केला. माया लोकांनी त्याला हाकलून लावले. १८४१-४२ मध्ये प्रवासी लेखक स्टीव्हन्स आणि चित्रकार कॅथरवुड इथे येऊन गेले. त्यांच्या १८४३ च्या ग्रंथामुळे हे अवशेष जगाला माहीत झाले. १९२४ पासून सिल्व्हेनस मॉर्ली यांच्या नेतृत्वाखाली कार्नेगी संस्थेचे उत्खनन चालले.

सर्पदेव कुकुलकानचे पिरॅमिड-मंदिर (स्पॅनिशांनी दिलेले नाव ‘एल कास्तियो’, म्हणजे किल्ला) नऊ टप्प्यांचे असून माथ्यावरील देवळासह सुमारे ३० मी. उंच आहे. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या. वरचा चौथरा धरून ३६५. विषुवदिनांच्या सुमारास दुपार कलली की टप्प्यांच्या कडांची सावली उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर पडते. उजेडाचे त्रिकोण एकाखाली एक उमटतात आणि तळाच्या दगडी सर्पमुखाला जाऊन मिळतात. त्या दिवशी प्रचंड गर्दी असते, पण आधी-नंतरचे काही दिवसही हा खेळ दिसतो. आत आणखी एक जुना पिरॅमिड आहे. त्याच्या गाभ्यात १९३० च्या दशकात लाल रंगाचे, जेडचे ठिपके जडवलेले जॅग्वारचे आसन सापडले. त्याच्याही पोटात तिसरी, लहान वास्तू आहे. २०१५ मध्ये विद्युत्-रोध मोजण्याच्या पद्धतीने पाहणी केली, तेव्हा पिरॅमिडच्या खालीच पाण्याने भरलेली पोकळी असल्याचे दिसले. देऊळ सेनोतेवर बांधलेले आहे. पायऱ्या चढण्यास २००६ पासून बंदी आहे. उत्तरेच्या जिन्यासमोर उभे राहून टाळी वाजवली तर पायऱ्यांवरून परतणारा आवाज टाळीचा राहत नाही; तो उतरत्या सुरातल्या चिरक्या शीळेसारखा येतो. ती केत्साल पक्ष्याची हाक आहे असे मार्गदर्शक सांगतात. बांधणाऱ्यांच्या मनात ते होते की नाही हे सिद्ध करणे कठीण, पण आवाज मात्र ऐकावाच.

चेंडूचे मोठे मैदान १६८ मी. लांब आणि ७० मी. रुंद, मेसोअमेरिकेतले सर्वांत विशाल. दोन्ही भिंतींवर सुमारे ६ मी. उंचीवर दगडी कडी आहे. भिंतीच्या तळाशी कोरलेल्या पट्ट्यांपुढे थोडे थांबावे. एक खेळाडू गुडघ्यावर आहे, त्याचे मुंडके नाही. मानेतून रक्ताच्या धारा उसळल्या आहेत आणि त्यांचे साप झाले आहेत. मधल्या धारेची मात्र फुलांची वेल झाली आहे. पावसाची आणि पिकाची आस धरलेल्या लोकांचा विचार त्या एका वेलीत उतरला आहे.

काराकोल ही गोल वेधशाळा दक्षिण भागात आहे. तिच्या खिडक्यांच्या दिशा शुक्राच्या मावळण्याच्या टोकांशी जुळतात. माया ज्योतिषी शुक्राचे चक्र ५८४ दिवसांचे धरत. हे नगर जवळजवळ अकोल्याच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ओळखीचा असलेला शून्य सावली दिवस इथेही मे आणि जुलै महिन्यांत येतो. उन्हाचा अंदाजही त्यावरून करावा. पटांगणात सावली नाही, पांढरा दगड डोळ्यांवर येतो. टोपी आणि पाणी हवेच.

अवशेष सकाळी ८ ते सायंकाळी ५ उघडे असतात आणि शेवटचा प्रवेश ४ वाजता. तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचा आणि दुसरा राज्य सरकारचा. सहलीच्या दरात दोन्ही धरले आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे. कान्कूनच्या बस भर दुपारी पोचतात आणि दोन-अडीच तासांत माघारी निघतात. तेवढ्यात हे नगर नीट पाहून होत नाही. आदल्या रात्री वायादोलिद किंवा पिस्ते इथे मुक्काम करून आठाच्या ठोक्याला दारात उभे राहणे कितीतरी बरे. परवानाधारक मार्गदर्शक प्रवेशद्वाराशी मिळतात. यूकातेक माया भाषा बोलणारा मिळाला तर अवश्य घ्यावा. सात लाखांहून अधिक लोक ती आजही बोलतात, आणि ‘माया लोक नाहीसे झाले’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी येत नाही. पायवाटांच्या कडेला लाकडी मुखवटे आणि जॅग्वारसारखी डरकाळी काढणाऱ्या शिट्ट्या विकणारेही याच भाषेत आपापसांत बोलत असतात.

पोहण्यासाठी बहुतेक सहली सुमारे ३ किमी.वरील इक किल इथे थांबतात. त्याचा व्यास सुमारे ६० मी. आणि पाणी जमिनीपासून सुमारे २६ मी. खाली. खडकात कोरलेल्या ओल्या जिन्याने उतरावे लागते. वळणावळणावर झरोके आहेत, त्यांतून वरच्या झाडांची मुळे दोरांसारखी थेट पाण्यापर्यंत लोंबताना दिसतात. खाली पोचल्यावर वर पाहावे, आकाश थाळीएवढे दिसते. पाण्यात काळे शिंगाळे मासे फिरतात. पाणी ४० मीटरांहून खोल असल्याने जीवरक्षक जाकीट घालावेच लागते. उतरण्यापूर्वी अंघोळ सक्तीची आहे, कारण अंगावरचे मलम आणि तेल याच भूजलात उतरते आणि आसपासच्या गावांच्या विहिरींनाही तेच पाणी आहे.

जेवणात कोचिनीता पिबिल हा इथला मानाचा पदार्थ. डुकराचे मांस शेंद्रीच्या बिया आणि आंबट संत्र्याच्या वाटणात मुरवून, केळीच्या पानात बांधून, ‘पिब’ या जमिनीतल्या भट्टीत शिजवतात. शाकाहारी माणसाने काळ्या घेवड्याबद्दलही चौकशी करावी, कारण तो बहुधा डुकराच्या चरबीत परतलेला असतो.

परतीच्या वाटेवर वायादोलिदला थांबा असतो. झाकी या माया गावावर १५४५ मध्ये हे शहर उभे राहिले आणि जुन्या माया वास्तूंचे दगड त्याच्या इमारतींत गेले. चौकातले आइस्क्रीम सोडून सान बेर्नार्दिनो मठापर्यंत चालत जावे. मठाच्या आवारात १६१३ साली बांधलेले रहाटाचे घर आहे आणि त्याच्या जमिनीखाली सेनोते. पाणबुडे पुरातत्त्वज्ञ त्यात उतरले तेव्हा तळाशी एकोणिसाव्या शतकातल्या बंदुकांचा ढीग मिळाला. पुढे कान्कूनकडे जाताना किंताना रो राज्याची हद्द लागली की घड्याळ एक तास पुढे करावे लागते.