अजिंठ्याचा आरसा आणि गोरेपणाची पट्टी

औरंगाबादपासून साधारण शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेणीत एक राजस्त्री आरशात बघतेय. बाजूला दासी उभ्या आहेत, एकीच्या हातात प्रसाधनाचं तबक. क्रीमच्या जाहिरातीचा पहिला शॉट आजही असाच असतो.

पण अजिंठ्याची गोष्ट आरशापाशी थांबत नाही. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात नंद आपल्या बायकोला, सुंदरीला नटवत असतो. ‘हा ओला लेप सुकायच्या आत परत या’, असं सांगून ती त्याला बुद्धाकडे जाऊ देते. तो भिक्खू होतो. १६ क्रमांकाच्या लेणीत त्याचा मुकुट परत आलेला पाहून कोसळणारी स्त्री ती हीच, असं अभ्यासक मानतात. इंग्रजांनी तिला ‘मरणासन्न राजकन्या’ ठरवून टाकलं!

या भिंतींवर चौकटी नाहीत. तेच पात्र पुन्हा पुन्हा येतं, आपली नजर त्याच्यामागे चालते आणि चित्र हलू लागतं. १९१०च्या सुमारास लेडी हेरिंगहॅमसोबत या चित्रांच्या नकला करणाऱ्यांत नंदलाल बोस होते, हे सगळ्यांना माहीत असतं. हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीनही होते, हे फारसं कुणी सांगत नाही. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ दरम्यान अजिंठ्यावर चार खंड काढले.

१९५७ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने ‘द बनियन डीअर’ हा कार्टूनपट केला. कथा जातकातली, चित्रशैली अजिंठ्याची, शिकवणारे डिस्नेचे क्लेअर वीक्स. त्याच विभागात घडलेल्या राम मोहन यांनी १९७२ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि जाहिरातपटही केले.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्या जाहिरातीतली युक्ती जुनीच होती. एकच चेहरा ओळीने पुन्हा पुन्हा, फक्त दरवेळी थोडा उजळ. सावळी पोरगी उदास, गोरी झाली की नोकरी आणि नवरा. अजिंठ्यात पहिल्या लेणीत पद्मपाणीजवळची सावळी राजकन्या दागिन्यांनी मढलेली आहे. तिला उजळवायचं चित्रकाराच्या मनातही आलेलं दिसत नाही.

कंपनीने २०१९ मध्ये ती रंगांची पट्टी काढली, २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ही गेला. आपल्याकडे रिश्त्याच्या बायोडाटात ‘रंग : गोरा’ अजून लिहिलं जातं, आणि मुलगी पाहायला आलेली खाला चहा घेता घेता तिच्या मनगटाचा रंग चेहऱ्याशी ताडून बघते.