यीस्टच्या अंगावरची प्रथिने

पाव फुगवणारे यीस्ट मुळातच चिकट असते. ढवळत्या द्रवात ‘ए’ आणि ‘आल्फा’ या दोन प्रकारच्या पेशींचे मीलन व्हायचे, तर आधी त्यांनी एकमेकींना घट्ट धरावे लागते. त्यासाठीची प्रथिने त्यांच्या पेशीभित्तिकेवर तयारच असतात. यीस्टच्या अंगावर हवी ती प्रथिने बसवण्याच्या क्षेत्राचे सगळे भांडवल हेच. आपल्याला हवे ते प्रथिन त्यांना जोडून दिले, की पेशी तेही अंगावर वागवू लागते.

एरिक बोडर आणि डेन विट्रप यांनी १९९७ साली रूढ केलेली जोडी आजही चालते. आगा-१ हे प्रथिन भित्तिकेत रुतून बसते, जेमतेम ६९ अमिनो आम्लांचे आगा-२ त्याला दोन डायसल्फाइड बंधांनी अडकते आणि आपले प्रथिन आगा-२च्या शेपटाला. एकेका पेशीवर अशा हजारो प्रती!

नवख्याने आधी फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे एकेका पेशीवरचा रंग मोजणाऱ्या यंत्रासमोर बसावे. पेशींना ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिले, तापमान २० अंशांवर आणले, की दिवसभरात प्रथिन बाहेर येते. मग दोन रंग लावायचे. प्रथिन भित्तिकेवर किती आले ते एक सांगतो, त्याने समोरच्या रेणूला किती धरले ते दुसरा. पडद्यावर ठिपक्यांचा तिरका पट्टा उमटतो. त्याच्या वरच्या काठावरच्या पेशींची पकड जास्त. त्या वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या, पुन्हा निवडायच्या. डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, प्रथिन न दाखवणाऱ्या पेशींचा पुंजका कायम असतो. नमुना बिघडला म्हणून घाबरू नका. तुलनेला तो उपयोगीच पडतो.

२०१७ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चमूने तर पेशींचा मूळ चिकटपणाच काढून घेतला आणि दोन्ही बाजूंना स्वतः निवडलेली प्रथिने बसवली. मीलने किती झाली, यावरून पकड मोजता आली. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. पुढे २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या काटेप्रथिनाचा माणसाच्या पेशीला धरणारा भाग यीस्टवर बसवून त्यातला जवळजवळ प्रत्येक संभाव्य बदल तपासला गेला.

मात्र यीस्ट प्रथिनांवर चढवते ती साखर मॅनोजने लांबलेली, माणसाच्या पेशीतल्यासारखी नव्हे. शिवाय हजारो प्रती शेजारीशेजारी असल्या, की दुबळी पकडही भक्कम भासू शकते. तेव्हा पडद्यावर कितीही सुंदर पट्टा दिसो, ते प्रथिन भित्तिकेवरून सोडवून, मोकळे तपासल्याशिवाय वहीत निष्कर्ष लिहू नका.