किल्लारीचा पाऊस आणि हिमालयाचा बर्फ

किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली, माळवदाची जड घरे झोपलेल्या माणसांवर बसली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील जवळपास दहा हजार माणसे गेली. हा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आजचा धागाही किल्लारीपाशी येऊन थांबतो, पण तो जमिनीखालचा नाही, आभाळाचा आहे. आणि त्याची सुरुवात होते सुमारे दीड हजार किलोमीटर उत्तरेला, हिमालयाच्या खिंडींत हिवाळ्यात साचणाऱ्या बर्फात.

भूकंप कधी होणार हे आजही कोणी सांगू शकत नाही. पावसाचे तसे नाही. पाऊस कसा पडेल हे आधी सांगण्याची जबाबदारी या देशात एका सरकारी खात्यावर गेली दीडशे वर्षे आहे. ज्या गावाने गारांखेरीज आभाळातून पडणारा बर्फ कधी पाहिला नाही, त्या गावचे खरीप कसे जाईल हे हिमालयातल्या बर्फावरून ओळखता येईल, असे या खात्याच्या पहिल्या प्रमुखाला वाटत होते. हा माणूस वेडा नव्हता. त्याचे म्हणणे पुरते खोटेही ठरले नाही. गोष्ट गुंतागुंतीची होते ती तिथेच.

त्याचे नाव हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि तो त्याचा प्रमुख झाला. खाते नीट उभे राहण्यापूर्वीच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ दख्खनवर कोसळला. मुंबई व मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचा मुलूख, सगळीकडे लक्षावधी माणसे मेली. किल्लारी तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. दुष्काळानंतर सरकारचा प्रश्न साधा होता: पुढच्या वेळी हे आधी कळेल का? धान्य कोठे साठवावे, मदतीची कामे कोठे काढावीत, महसुलाचा अंदाज काय धरावा, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून होते.

ब्लॅनफर्डने जुन्या नोंदी चाळल्या. त्याला असे दिसले की हिमालयात, विशेषतः पश्चिम हिमालयात, बर्फ फार पडला आणि उशिरापर्यंत टिकला, की त्यानंतरच्या उन्हाळ्यात उत्तर व पश्चिम भारतावर कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ देतो. हा निष्कर्ष त्याने १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यामागचे साधे भौतिकशास्त्र आजही मान्य आहे. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हापैकी बहुतेक भाग परत फेकतो. उरलेले ऊन तो वितळण्यात खर्च करतो: एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तेवढ्याने तापमान एका अंशानेही वाढत नाही. म्हणजे डोंगरावर बर्फ जास्त असेल तर तिथली जमीन उशिरा तापते. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरक हे मोसमी वाऱ्यांचे इंजिन. ते इंजिन अशा वर्षी थंड सुरू होते.

पण बर्फ मोजायचा कसा? पावसाचे सोपे असते, भांडे ठेवले की काम झाले. बर्फ वाऱ्याने उडतो, दरीत साचतो, कड्यावर राहत नाही. शिवाय एक फूट बर्फ म्हणजे किती पाणी हे त्याच्या जातीवर ठरते. भुसभुशीत ताज्या बर्फात ढोबळमानाने दहा भागांना एक भाग पाणी निघते, तर दबून जुना झालेला बर्फ कितीतरी जड असतो. ब्लॅनफर्डच्या हाती मुख्यतः डोंगरी मुलखातून आलेली वर्णने होती: बर्फ किती खाली उतरला, कोणती खिंड बंद आहे, ती कधी मोकळी झाली. एका अर्थाने वाटसरूंच्या अडचणींवरून तो उपखंडाचे भविष्य वाचत होता.

बर्फ तराजूवर तोलण्याची युक्ती पुढे अमेरिकेत नेवाडा राज्यात निघाली, आणि ती काढणारा माणूस चक्क लॅटिन-ग्रीक शिकवणारा प्राध्यापक होता. जेम्स चर्च हे त्याचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी तो भर हिवाळ्यात माउंट रोझ हे शिखर चढे, पोकळ नळी बर्फात तळापर्यंत खुपसे आणि नळीसकट बर्फाचे वजन करी. त्यावरून वसंतात खालच्या तलावाची पातळी किती चढेल हे तो सांगू लागला. आज गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर आखीव उतार सोडून मोकळ्या रानात स्की करणारे लोक बर्फात खड्डा खणून त्याचे थर तपासतात. त्यांना पाण्याशी देणेघेणे नसते. एखादा कच्चा थर वरच्या ओझ्याने निसटून हिमस्खलन होईल का, एवढेच त्यांना पाहायचे असते. तरी प्रश्न मुळात एकच आहे: या पांढऱ्या चादरीखाली काय साठले आहे, आणि ते पुढे काय करणार आहे?

आता पुन्हा ब्लॅनफर्डकडे. १८८२ ते १८८५ या काळात त्याने बर्फावरून चाचणीदाखल अंदाज दिले. ते बऱ्यापैकी उतरले. मग ४ जून १८८६ रोजी भारत आणि ब्रह्मदेशासाठी मोसमी पावसाचा पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज निघाला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठवाड्यात मृग लागण्याच्या तोंडावरच हा कागद तयार झाला होता. पण इंग्रजीतला तो सरकारी कागद निजामाच्या मुलखातल्या कुणब्यासाठी लिहिलेलाच नव्हता. त्याच्यासाठी पाडव्याला वाचलेले संवत्सरफल होते, नक्षत्रांची वाहने होती आणि बापजाद्यांनी पारखलेली वाऱ्याची दिशा होती. दोन्हींपैकी कोणाचे उत्तर जास्त वेळा बरोबर निघाले असेल, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

१८८९ मध्ये खात्याची सूत्रे जॉन इलियटकडे आली. बर्फाच्या जोडीला त्याने हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियावरची स्थिती आणि मोसमापूर्वीचे देशातील हवामान विचारात घेतले. अंदाज लांबले, तपशीलवार झाले. आणि १८९९ मध्ये त्याने सरासरीहून चांगल्या पावसाचे भाकीत केले.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटले तरी चालेल. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, वऱ्हाड, मुंबई इलाखा आणि हैदराबाद संस्थान शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एकात सापडले. वृत्तपत्रांनी खात्याला झोडपले. त्यानंतर काही वर्षे हे अंदाज सरकारी अधिकाऱ्यांपुरते गोपनीय ठेवण्यात आले. चुकलेल्या अंदाजाचा उपाय म्हणून तो लपवण्यात आला! एखाद्या वैद्याने निदान चुकल्यावर पुढच्या रोग्याला निदान सांगणेच बंद करावे, तसे हे झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत केविलवाणा प्रसंग आहे, कारण मेलेल्यांपैकी फार थोड्यांनी तो अंदाज ऐकला असेल. झाकली गेली ती खात्याची अब्रू.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाला. तो केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राचे शिक्षण शून्य. (१९१३ मध्ये मद्रासच्या एका कारकुनाची वही पाहून त्याला विद्यापीठाने मदत करावी असे पत्र लिहिणारा हाच वॉकर. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.) वॉकरने ठरवले की कारणे नंतर शोधू, आधी आकडे बोलू द्या. जगभरच्या नोंदी मागवून, हाताने आकडेमोड करणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांच्या बळावर त्याने कशाचा कशाशी किती संबंध आहे हे तपासले. त्याच्या सुरुवातीच्या सूत्रात चार गोष्टी उरल्या: दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, मॉरिशसचा दाब, झांझिबारचा पाऊस आणि मे अखेर हिमालयात शिल्लक असलेला बर्फ. म्हणजे बर्फ राहिला, पण राजा म्हणून नव्हे, चौघांतला एक म्हणून. याच शोधातून वॉकरला प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरच्या दाबाचा झोका सापडला. एल निनोशी त्याचे नाते पुढे उलगडले आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात बर्फ मागे पडून समुद्र पुढे आला.

पुणेकर वाचकांसाठी एक गंमत. खात्याचे मुख्यालय शतकाच्या आरंभी सिमल्याला गेले होते. तिथून ते १९२८ मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी, घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणू लागले आणि अजूनही म्हणतात. बसथांब्यावर रोज उच्चारल्या जाणाऱ्या या नावात हिमालयाच्या बर्फाची आठवण गोठून राहिली आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, नाव गेले नाही.

उपग्रह आले आणि बर्फाचे दिवस पुन्हा फिरले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आकाशातून बर्फाचे क्षेत्र मोजता येऊ लागले. १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी दाखवले की केवळ हिमालयच नव्हे, सबंध युरेशिया खंडावरचा हिवाळी बर्फ आणि भारताचा पाऊस यांत उलटे नाते दिसते. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचे प्रसिद्ध प्रारूप वापरात आले. विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक राहिलेला हा मराठी शास्त्रज्ञ अग्निबाणांच्या इंधनाकडून मोसमी पावसाकडे वळला होता. त्या सोळांत हिमालयाचा बर्फ होता आणि युरेशियाचाही. बरीच वर्षे अंदाज ठीक उतरला. मग आले २००२. अंदाज होता दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१. एकट्या जुलैत पाऊस निम्म्यावर आला. पुढच्याच वर्षी प्रारूप बदलण्यात आले.

दरम्यान पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील कृपलानी आणि कुलकर्णी यांनी सोव्हिएत काळातील बर्फाच्या खोलीच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले की पश्चिम युरेशियात बर्फ अधिक साचला तर भारतात पाऊस कमी, पण पूर्वेकडे सैबेरियात अधिक साचला तर उलट. ब्लॅनफर्डचा धागा तुटला नव्हता. तो अनेक पदरी होता, आणि प्रत्येक पदर प्रत्येक वर्षी सारखा ताणला जात नव्हता.

किल्लारी परिसराला मात्र या बर्फाचे एक जवळचे भावंड चांगले परिचित आहे. हिमालयात हिवाळी बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ कधी कधी दक्षिणेकडे प्रभाव टाकतात. तिकडून येणाऱ्या उंचावरच्या थंड हवेची समुद्रावरून आलेल्या बाष्पाशी गाठ पडली की महाराष्ट्रात गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात ती दिवसामागून दिवस झाली. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षे झोडपली गेली आणि शिवारे काही काळ पांढरी दिसली. त्या छायाचित्रांना काश्मीरची उपमा देणारे संदेश तेव्हा फिरत होते. ज्यांचे पीक त्या पांढऱ्याखाली होते त्यांना ती उपमा कशी वाटली असेल?

त्याच वर्षी मोसमी पाऊस देशभरात १२ टक्के कमी पडला. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, प्रशांत महासागरात बलवान एल निनो उभा होता. खात्याने एप्रिलमध्ये ९३ टक्के सांगितले, जूनच्या आरंभी ते ८८ वर आणले. प्रत्यक्षात पडला ८६ टक्के. ब्लॅनफर्ड आणि इलियट यांनी ज्याचे स्वप्न पाहिले असेल तो हा क्षण: दुष्काळ आधी ओळखला गेला, जाहीर सांगितला गेला, आणि मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापला गेला. १८९९ सारखे झाकण्याजोगे काही उरले नव्हते.

पण ८८ हा आकडा सबंध देशाचा असतो. मराठवाड्यात तूट त्याहून कितीतरी मोठी होती आणि एखाद्या शिवाराची तूट कोणत्याच सूत्रात नसते. पहिल्या सरीवर पेरायचे की थांबायचे, बियाणे गेले तर दुबार पेरणीला पैसा कोठून आणायचा, हा हिशेब औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याला देशाच्या सरासरीवर करता येत नाही. धरणात काय उरले आहे, त्यातले उसाला किती जायचे आणि पिण्याला किती, हे तर बर्फ किंवा समुद्र ठरवतच नाही.

मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. ११ एप्रिलला मिरजेहून एक आगगाडी निघाली. तिच्या दहा वाघिणींत मिळून ५ लाख लिटर पाणी होते. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला, किल्लारीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, येऊन उभी राहिली तेव्हा स्थानकावर माणसे जमली होती. त्याच दिवशी दुपारी हवामान खात्याने नव्या मोसमाचा अंदाज जाहीर केला: सरासरीच्या १०६ टक्के.