गटगृह पद्धती

न्यायालयाने अपराधी ठरविलेल्या किशोरवयीन मुलांना मोठ्या सुधारगृहात वा तुरुंगात न पाठविता, वस्तीतील किंवा वस्तीनजीकच्या एखाद्या घरात लहान गटाने ठेवून त्यांचे पुनर्वसन करण्याची पद्धती. अशा घरात साधारणतः सहा ते वीस मुले राहतात. दाराला कुलूप व पहारा नसतो. मुले दिवसा शाळेत किंवा कामावर जातात आणि त्यांच्यावर थोड्या प्रौढ व्यक्तींची देखरेख असते. परिवीक्षा व सुधारगृह यांच्या दरम्यानचा हा मार्ग होय. या पद्धतीचा विशेष विकास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

पूर्वपीठिका : अपराधी मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवावे, हा विचार एकोणिसाव्या शतकात रूढ होऊ लागला. न्यूयॉर्क येथे १८२५ मध्ये ‘हाउस ऑफ रेफ्यूज’ ही संस्था सुरू झाली. तथापि अशा संस्थांचे स्वरूप लवकरच बराकींसारखे झाले. यावर उपाय म्हणून कुटुंबाच्या धर्तीवर मुलांचे छोटे गट करण्याची कल्पना यूरोपात पुढे आली. योहान हिन्‍रिख व्हीखेर्न (१८०८–८१) याने १८३३ मध्ये हँबर्गजवळ ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढून मुलांची ‘कुटुंबे’ केली. फ्रान्समध्ये फ्रेदेरिक-ऑग्यूस्त दमेत्स (१७९६–१८७३) या न्यायाधीशाने तूरनजीक मेत्रे येथे शेतीप्रधान वसाहत स्थापन केली (१८३९). तेथे सु. चाळीस मुलांचे एक ‘कुटुंब’ असे. ही वसाहत पाहण्यास अनेक देशांतून लोक येत. परंतु पुढे तेथील शिस्त कठोर झाली आणि १९३७ मध्ये ती बंद पडली. ‘कुटुंब’ हे नाव दिल्याने संस्था कुटुंब होत नाही, हा धडा मेत्रेच्या इतिहासातून मिळतो.

हायफील्ड्स प्रकल्प : आधुनिक गटगृहाचा पाया न्यू जर्सी राज्यातील हायफील्ड्स येथे १९५० मध्ये घातला गेला. होपवेलजवळचे हे घर मूळचे प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग (१९०२–७४) यांचे. त्यांच्या तान्ह्या मुलाचे मार्च १९३२ मध्ये येथूनच अपहरण झाले व पुढे त्याचे प्रेत सापडले. त्यानंतर लिंडबर्ग कुटुंबाने हे घर मुलांच्या कल्याणासाठी दिले व कालांतराने ते राज्याच्या ताब्यात आले.

परिवीक्षेची अट म्हणून न्यायालय सोळा-सतरा वर्षे वयाच्या मुलांना येथे पाठवीत असे. पूर्वी सुधारगृहात राहिलेली, तसेच मनोविकृत व मतिमंद मुले घेतली जात नसत. एका वेळी वीसहून अधिक मुले ठेवावयाची नाहीत व मुक्काम सु. चार महिन्यांचा असावा, असा दंडक होता. मुले दिवसा नजीकच्या राज्य मनोरुग्णालयाच्या आवारात व शेतावर अल्प वेतनावर काम करीत. औपचारिक शाळा नव्हती आणि नियमही मोजकेच होते.

दिवसाचा खरा कार्यक्रम सायंकाळी सुरू होई. आठवड्यातून पाच दिवस सु. दहा मुलांचा एक गट एका प्रौढ नेत्यासह दीड तास बसे. या बैठकीला ‘मार्गदर्शित गट-आंतरक्रिया’ असे नाव होते. लॉइड मकॉर्कल व लव्हेल बिक्सबी यांनी तिचा पुरस्कार केला. मकॉर्कल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोर्ट नॉक्स येथील लष्करी पुनर्वसन केंद्रात शिक्षा झालेल्या सैनिकांच्या गटांसह काम केले होते; तेच हायफील्ड्सचे पहिले संचालक होते. बैठकीत नेता उपदेश करीत नसे. एखादा मुलगा आपण केलेल्या चोरीचे समर्थन करू लागला, की इतर मुलेच त्याला अडवीत. कारण त्या सबबी त्यांनीही कधीतरी वापरलेल्या असत. मुलाच्या प्रगतीविषयी आणि सुटकेच्या पात्रतेविषयीही गट मत देई. किशोरवयीन मुलगा पालक वा अधिकारी यांच्यापेक्षा सवंगड्यांचे अधिक ऐकतो. तेव्हा ज्या सोबतीने तो बिघडला, त्याच प्रकारच्या सोबतीचा दाब उलट दिशेने वापरावा, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

ॲश्ली वीक्स यांनी हायफील्ड्सच्या मुलांची तुलना ॲनंडेल येथील सुधारगृहातून सुटलेल्या मुलांशी केली (१९५८). कार्यक्रम पूर्ण करून पुन्हा अपराध न करणाऱ्यांचे प्रमाण हायफील्ड्समध्ये शेकडा ६३, तर ॲनंडेलमध्ये ४७ आढळले. मुक्काम अल्प असल्याने दरडोई खर्चही कमी होता. मात्र मुलांची वाटणी यदृच्छ पद्धतीने झालेली नव्हती व दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे नव्हते. शिवाय मुलांच्या अभिवृत्तींत मोजता येण्याजोगा बदल फारसा दिसला नाही. टीकाकारांनी आणखी एक आक्षेप घेतला : बैठकीत न रमणाऱ्या मुलाला न्यायालयाकडे परत पाठविले जाण्याची भीती असे, त्यामुळे त्याचा कबुलीजबाब कितपत मनापासूनचा, हे ठरविणे कठीण होते.

सिल्व्हरलेक प्रयोग : हे दोष टाळण्याचा प्रयत्न लामार एम्पी यांनी लॉस अँजेल्स येथे केला. मध्यमवर्गीय वस्तीतील एका मोठ्या घरात १९६४ पासून वीसपर्यंत मुले ठेवली गेली. ती स्थानिक माध्यमिक शाळेत जात व घरी रोज गटबैठक होई. कोणता मुलगा या घरात जाणार व कोणता चीनो येथील ‘बॉइज रिपब्लिक’ या मोठ्या संस्थेत जाणार, हे यदृच्छ निवडीने ठरे. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या पुनरपराधाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पळून जाणाऱ्या मुलांची संख्याही मोठी होती. पण कमी काळात, कमी खर्चात व बंदिवासाशिवाय तेवढेच फलित मिळत असेल, तर बंदिवासाचे समर्थन कसे करावयाचे, असा प्रश्न या प्रयोगाने उभा केला.

अचीव्हमेंट प्लेस : कॅनझस राज्यातील लॉरेन्स येथे १९६७ मध्ये वेगळ्या विचाराचे गटगृह सुरू झाले. अपराध हा मनाचा विकार नसून समाजात वावरण्याची कौशल्ये न शिकल्याचा परिणाम आहे, अशी माँट्रोझ वुल्फ (१९३५–२००४) व एलरी फिलिप्स या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांची भूमिका होती. सहा ते आठ मुलांसमवेत एक प्रशिक्षित दांपत्य ‘शिक्षक-पालक’ म्हणून राही. वेळेवर येणे, खोली स्वच्छ ठेवणे, गृहपाठ करणे यांसाठी गुण मिळत. उद्धट बोलणे, मारामारी यांसाठी ते कापले जात. गुणांच्या मोबदल्यात दूरचित्रवाणी पाहणे, सायकल वापरणे, सुटीत घरी जाणे इ. सवलती मिळत. रोज संध्याकाळी ‘कुटुंब-सभा’ भरे व तीत नियमांवर मुलेही मत देत.

या पद्धतीचे अनुकरण प्रथम केले गेले, तेव्हा मात्र ते फसले. गुणांची व्यवस्था तीच होती; परंतु नवे दांपत्य मुलांना आवडले नाही. त्यानंतर शिक्षक-पालकांचे सौजन्य, न्यायीपणा व मदतीची तयारी यांकडे लक्ष देण्यात येऊ लागले आणि त्यांच्याविषयी मुलांचे मत नियमितपणे विचारले जाऊ लागले. नेब्रॅस्कातील ‘बॉइज टाउन’ या संस्थेने १९७० नंतरच्या दशकात ही पद्धती स्वीकारली. १९८२ मधील एका तौलनिक अभ्यासात, मुले घरात असेपर्यंत त्यांचे अपराध स्पष्टपणे घटतात, पण घर सोडल्यावर वर्षभरात हा फरक टिकत नाही, असे दिसून आले.

प्रसार : मॅसॅचूसेट्सचे युवक-सेवा आयुक्त जेरोम मिलर यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत राज्यातील मोठ्या सुधारणाशाळा बंद करून मुले गटगृहांत व पालक-कुटुंबांत पाठविली. १९७४ च्या संघीय कायद्याने घरातून पळणे, शाळा बुडविणे यांसारख्या केवळ वयामुळे अपराध ठरणाऱ्या वर्तनासाठी मुलांना बंदिस्त ठेवण्यास विरोध केला. मिसूरी राज्याने बूनव्हिल येथील जुनी संस्था १९८३ मध्ये बंद करून लहान प्रादेशिक केंद्रांचा मार्ग पतकरला.

भारतात, मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारणा-संस्था (१८५७) व १९२४ चा मुंबई बाल अधिनियम यांपासून अपराधी मुलांच्या स्वतंत्र व्यवस्थेची परंपरा आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार अशा मुलास विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते.

मूल्यमापन : अपराधी मुलांना एकत्र ठेवणे हेच या पद्धतीचे बळ व तेच तिचे दौर्बल्य होय. टॉमस डिशियन, जोन मकॉर्ड व फ्रँस्वा पुलँ यांनी १९९९ मध्ये असे दाखविले, की बिघडलेल्या मुलांचे गट करून दिलेली मदत कधीकधी अपायकारक ठरते. कारण मुले एकमेकांच्या गैरवर्तनाला हसून दाद देतात. पॅट्रिशिया चेंबरलेन व जॉन रीड यांच्या १९९८ मधील अभ्यासात, गटगृहांतील मुलांपेक्षा प्रशिक्षित पालक-कुटुंबांत एकेकटी ठेवलेली मुले पुढे कमी अपराध करताना आढळली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक तज्ज्ञांचा कल कुटुंबाधारित उपायांकडे झुकला. ज्या मुलाला घरच नाही वा ज्याचे घर त्याला धोकादायक आहे, त्याचा प्रश्न मात्र या उपायांनीही सर्वस्वी सुटत नाही. गटगृहातील चार-सहा महिन्यांत मुलगा बदलला, तरी तो ज्या गल्लीत परततो ती बदललेली नसते; म्हणून सुटकेनंतरची शाळा, रोजगार व विश्वासू प्रौढाची सोबत यांवाचून या पद्धतीचे यश अल्पजीवी ठरते, असा या प्रयोगांचा एकंदर निष्कर्ष आहे.