थांबायचं कधी? : रिचार्जेबल सेल आणि त्यांच्या चार्जरची गोष्ट

आजचा विषय तुमच्या घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेला असेल. पेन्सिल सेल चार्ज करायचा तो छोटा प्लास्टिकचा डबा. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण मला हा इतिहास शोधायला एका रात्रीने भाग पाडलं, तर आधी ती रात्र सांगतो.

एप्रिल २०२१. आजीला तीन दिवस ताप होता. रात्री दोन वाजता आईने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि आकडा दिसायच्या आत स्क्रीन बंद पडली. आत रिचार्जेबल सेल होते. आदल्या दिवशी मीच चार्जला लावले होते, हिरवा दिवा बघूनच काढले होते. शेवटी टीव्हीच्या रिमोटमधले साधे सेल काढून घातले. आकडा ९५ आला, आजी पुढे बरी झाली. पण आईने त्या रात्री विचारलं, "चार्ज केले होतेस ना रे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी मल्टिमीटर लावला. एक सेल १.३ व्होल्ट, दुसरा १ व्होल्टच्याही खाली. एकच चार्जर, एकच वेळ, आणि एक सेल भरलेला, दुसरा रिकामा. असं कसं? याचं उत्तर शोधत मी शंभरेक वर्षं मागे गेलो.

पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली, शिसं आणि ॲसिडची. आजही गाडीत आणि इन्व्हर्टरमध्ये तिचीच वंशावळ आहे. आपल्या पेन्सिल सेलचा पूर्वज मात्र स्वीडनचा. वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. सुरुवातीच्या या बॅटऱ्या उघड्या असायच्या. चार्ज होऊन गेल्यावरही करंट चालू राहिला तर आत वायू तयार व्हायचा, तो बाहेर निघून जायचा, आणि मग वरून पाणी घालायचं. आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो, तसंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सेल पूर्ण बंद करायचं तंत्र जमलं. आतला वायू आतच पुन्हा जिरवायचा. म्हणून तो सेल खिशात, टॉर्चमध्ये, खेळण्यात जाऊ शकला. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने वायर नसलेली ड्रिल आणली, ती याच सेलवर. पण वायू जिरवायलाही मर्यादा असते. जास्त करंट जास्त वेळ दिला तर सेल तापतो, आत दाब वाढतो, झडप उघडते, आतला द्रव कमी होतो आणि सेल कायमचा कमकुवत होतो. म्हणजे सेल बंद झाला आणि त्याच दिवशी चार्जरपुढे खरा प्रश्न उभा राहिला : थांबायचं कधी?

पहिलं उत्तर एकदम सरळ होतं. इतकं हळू भरा, की थांबायला उशीर झाला तरी बिघडू नये. सेलच्या क्षमतेच्या एक दशांश करंट, चौदा ते सोळा तास. जुना निकेल-कॅडमियम पेन्सिल सेल समजा ६०० मिलिअँपिअर-तासांचा, तर ६० मिलिअँपिअर करंट. रात्री लावा, सकाळी काढा. चार्जरमध्ये मेंदू नव्हताच, मेंदू आपला, घड्याळ आपलं.

आता तोच चार्जर आजच्या २००० वाल्या सेलला लावा. भरताना थोडं वाया जातं ते धरलं तर २८०० भागिले ६०, म्हणजे जवळजवळ ४७ तास! बारा तासांनी काढलात तर सेल पाव भरलेला. आणि आपण म्हणणार, "रिचार्जेबल सेल बेकार असतात."

दुसरं उत्तर जास्त हुशार होतं. निकेल-कॅडमियम सेल भरत असताना त्याचा व्होल्टेज चढत जातो. पूर्ण भरला की येणाऱ्या ऊर्जेची उष्णता होते, सेल तापतो आणि व्होल्टेज किंचित खाली येतो, दहा-वीस मिलिव्होल्ट. चार्जरने हा उतार पकडायचा आणि करंट तोडायचा. इंजिनिअर याला मायनस डेल्टा व्ही म्हणतात. चार्जर पहिल्यांदा सेलचं ऐकायला लागला.

मग सेलच बदलला. कॅडमियम विषारी आहे. जपानच्या तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम नदीतून भातशेतीत गेलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली. इताई-इताई हे त्या आजाराचं नाव. १९८९ च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले, आणि युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने बहुतेक घरगुती बॅटऱ्यांमधून कॅडमियम हद्दपार केलं. नवा सेल जास्त साठवायचा, पण चार्जरची पंचाईत झाली. हा सेल भरतानाच गरम होतो आणि शेवटचा उतार अगदी थोडा, काही मिलिव्होल्टचा. करंट फार कमी असेल तर तो उतार दिसतच नाही. म्हणून चांगले चार्जर तापमानही मोजायला लागले आणि वर सुरक्षेसाठी टायमरही ठेवायला लागले.

या सेलमध्ये अजून एक खोड होती. भरून ड्रॉवरमध्ये ठेवला की काही महिन्यांत स्वतःच रिकामा. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणला, वर्षभर ठेवला तरी बराचसा चार्ज टिकवणारा. आज पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं, ते हेच. वर्षातून चारदा लागणाऱ्या ऑक्सिमीटरला, टॉर्चला असेच सेल घ्या.

आता माझ्या त्या रात्रीकडे येऊ. माझा चार्जर सेल जोडीने भरणारा होता. दोन सेल एकामागोमाग जोडलेले, आणि चार्जर बघतो फक्त दोघांची बेरीज. मी घातलेला एक सेल त्याच आठवड्यात चार्ज केलेला होता, दुसरा ड्रॉवरमध्ये पडून रिकामा झालेला. पहिला लगेच भरला, चार्जरला वाटलं काम झालं, हिरवा दिवा. दुसऱ्याला कुणी विचारलंच नाही. दिवा खोटा बोलला नाही. तो एकाच सेलबद्दल बोलत होता.

तुम्ही म्हणाल, मोबाईलला तर आपण असलं काही बघत नाही. बरोबर, कारण मोबाईलचा खरा चार्जर मोबाईलच्या आत असतो. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, तेव्हापासून या बॅटरीला काटेकोर व्होल्टेजवर थांबवावंच लागतं, आणि ते काम आतलं सर्किट करतं. भिंतीला लावतो तो नुसता अ‍ॅडॉप्टर. सुट्या पेन्सिल सेलचं तसं नाही. तिथे सगळी अक्कल त्या डब्यात असते, किंवा नसते. आणि "नवा फोन आधी आठ तास चार्ज कर", "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नको" हे घरातले सल्ले? ते बहुतांशी निकेलच्या जमान्यातले आहेत, फोन बदलला तरी राहून गेलेले.

तर दुकानात गेलात की काय बघायचं?

एक : प्रत्येक सेल वेगळा भरतो का. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा हवा, आणि एकटा सेल लावला तरी चार्जिंग सुरू व्हायला हवं. दोनच्या जोडीशिवाय चालत नसेल, तर ठेवून द्या.

दोन : थांबतो कसा. मायनस डेल्टा व्ही किंवा तापमानावर थांबतो असं लिहिलेलं हवं. फक्त टायमर असेल तर अर्धे भरलेले सेल तो जास्त भरणार.

तीन : करंट. मोठ्या पेन्सिल सेलला साधारण ५०० ते १००० मिलिअँपिअर, बारीकला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

चार : अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण लक्षात ठेवा, हा क्रमांक सुरक्षेबद्दल सांगतो, सेल नीट भरेल की नाही हे सांगत नाही.

आणि साधे अल्कलाइन सेल किंवा लिथियमचे सेल यात कधीच घालू नका. अल्कलाइन चार्जरमध्ये गळतो, कधी फुटतोही.

आजीच्या ऑक्सिमीटरसाठी मी नंतर चार खाचांचा, चार दिव्यांचा चार्जर घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला ऑक्सिमीटर एकदा चालू करून बघतो. आजी विचारते, "आता काय झालंय मला?" मी सांगतो, "तुला काही नाही, सेल बघतोय."

तुमच्या ड्रॉवरमधल्या चार्जरला आज फक्त एक सेल लावून बघा. दिवा लागतो का, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!