पुरुषांतील लैंगिक दौर्बल्य आणि विद्युत-ॲक्युपंक्चर : महाराष्ट्राच्या संदर्भातील एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात साथीचे रोग, रुग्णालये आणि शस्त्रक्रिया यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे ज्यांचा उच्चारही टाळला जातो अशा व्याधींना मिळालेले नाही. पुरुषांतील लैंगिक दौर्बल्य ही अशीच एक व्याधी होय. मराठीत तिला 'गुप्तरोग' या सैल संज्ञेखाली ढकलण्यात आले. संसर्गजन्य रोग, मनातील भीती आणि शरीरातील बिघाड हे सर्व त्या एका शब्दात कोंबले गेले. एस. टी. स्थानकांलगतच्या भिंतींवर रंगविलेला हा शब्द मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी वाचावयास मिळतो. अहमदपूरही त्याला अपवाद नाही. अलीकडच्या काळात या व्याधीवर सुचविल्या जाणाऱ्या उपचारांत विद्युत-ॲक्युपंक्चरची भर पडली आहे. त्वचेत टोचलेल्या बारीक सुयांमधून सौम्य, स्पंदित विद्युतप्रवाह सोडण्याची ही पद्धती होय. महाराष्ट्रात या व्याधीवरील उपचारांविषयी 'हे बोलणे सभ्य आहे काय' आणि 'उपचार करण्याचा अधिकार कोणाला' हे दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. 'उपचाराने गुण येतो काय' हा तिसरा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला. प्रस्तुत लेखात या क्रमाचा शोध घेतला आहे.

प्राचीन वैद्यक आणि संस्थानी वारसा

या विषयी मोकळेपणाने बोलणे ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, हा समज टिकणारा नाही. चरकसंहितेत वाजीकरणावर स्वतंत्र अध्याय असून क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय असे कारणांनुसार चार प्रकार सांगितले आहेत. सुश्रुताने मनाच्या विघातामुळे येणारे क्लैब्य वेगळे ओळखले आहे. शारीरिक आणि मानसिक कारणांत केलेला हा भेद आजच्या निदानशास्त्रालाही मान्य व्हावा असा आहे. पुढील काळात कारणमीमांसा मागे पडली आणि पाककृती तेवढ्या उरल्या, हे दुर्दैव.

अहमदपूर तालुका हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यात आला. निजामाच्या राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. त्यामुळे या भागात आयुर्वेदातील 'धातू'ची आणि युनानीतील 'कुव्वत-ए-बाह'ची भाषा एकमेकींच्या शेजारी नांदली. वीर्य म्हणजे साठविलेली शक्ती आणि तिचा क्षय म्हणजे पुरुषाचा क्षय, ही धारणा दोन्ही भाषांनी पोसली. या धारणेतून निर्माण होणाऱ्या मनोविकाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. चिनी वैद्यकातील कल्पनाही याच वळणाची आहे. त्यात मूत्रपिंडाला 'जिंग' या मूलसत्त्वाचे कोठार मानतात आणि लैंगिक दौर्बल्याचा संबंध त्याच्या ऱ्हासाशी जोडतात. सुई परदेशी असली तरी तिच्यामागचे तत्त्वज्ञान येथील रुग्णाला अनोळखी वाटत नाही, ते यामुळेच.

जाहिरात, न्यायालय आणि कायदा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रे शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. जामनगरच्या 'आतंक निग्रह' गोळ्या आणि जर्मनीहून येणारी 'ओकासा' ही त्यांतील ठळक नावे. पहिलीने परंपरेची साक्ष काढली, तर दुसरीने ग्रंथीविज्ञानाची. विजेचे आकर्षणही त्या काळचेच आहे. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पौरुष परत आणणारे' विद्युतपट्टे सर्रास विकले जात. फ्रान्समधील सार्लांदिएर यांनी तर १८२५ मध्येच सुईतून वीज सोडण्याच्या प्रयोगांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. म्हणून विद्युत-ॲक्युपंक्चरला केवळ 'प्राचीन चिनी' म्हणणे इतिहासाला धरून नाही. सुई चीनची, वीज युरोपची आणि दोहोंचा मेळ आधुनिक आहे.

जाहिरातदाराला जे स्वातंत्र्य होते ते विचारवंताला नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना थेट उत्तरे दिली. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच उभा राहिला. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरीही २०० रुपये दंड झालाच. शक्तीच्या गोळ्या विकणाऱ्याला बाजार मोकळा आणि शंका फेडणाऱ्याला दंड, या विसंगतीचा परिणाम मोठा झाला. शास्त्रीय माहितीची जागा रिकामी राहिली आणि ती भोंदूंनी व्यापली. त्याच मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले १९३४ पासून 'मॅरेज हायजीन' आणि १९४७ पासून 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी' ही नियतकालिके चालवीत होते. परंतु ती इंग्रजीत होती आणि त्यांचा वाचक वेगळा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम आला. लैंगिक सुखाची क्षमता टिकविणाऱ्या अथवा वाढविणाऱ्या औषधांची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली. हमदर्द दवाखाना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले, मात्र अधिनियमातील काही तरतुदी रद्द केल्या. त्यानंतर १९६३ मध्ये दुरुस्ती झाली आणि निषिद्ध जाहिरातींच्या रोगांची सूची जोडली गेली. हा कायदा उपचाराला हात लावत नाही, केवळ त्याच्या जाहिरातीला लावतो. शिवाय नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने स्वतःच्या जागेत लावलेल्या फलकाला त्यात सूट आहे. भिंतींवरील मजकुराचा बंदोबस्त का होत नाही, याचे एक कारण या सवलतीच्या सैल वापरात शोधता येईल. दुसरे अर्थातच अंमलबजावणीतील उदासीनता.

सुईचे आगमन

भारतातील ॲक्युपंक्चरचा इतिहास सोलापूरच्या एका नावाशी जोडला गेला आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच मृत्यू पावले. लुधियानातील ॲक्युपंक्चर रुग्णालयाला त्यांचे नाव असले तरी ते स्वतः शल्यविशारद होते आणि युद्धभूमीवर त्यांनी शस्त्रक्रियाच केल्या. सुई भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात तिचा वापर करू लागले. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीचा अधिनियम २०१५ चा असून केंद्र शासनाने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. नोंदणी, अभ्यासक्रम आणि परिषद यांची व्यवस्था झाली, म्हणजे 'अधिकार कोणाला' हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. कोणत्या व्याधीवर ही सुई चालते, हे मात्र कायदा ठरवू शकत नाही.

पुराव्याची स्थिती

शिश्नाच्या ताठरतेचे नियंत्रण माकडहाडाच्या वरील त्रिक भागातून निघणाऱ्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंकडे असते. कंबर, त्रिकभाग, ओटीपोट आणि घोट्याजवळील बिंदूंवर दिलेल्या प्रवाहाने या तंतूंना चेतना मिळावी, अशी अपेक्षा असते. बीजिंगचे हान जिशेंग यांनी २ आणि १०० हर्ट्‌झ प्रवाहांमुळे मज्जासंस्थेत वेगवेगळी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात हे दाखविले. पण ते संशोधन वेदनेविषयीचे आहे. त्याचा आधार लैंगिक दौर्बल्यासाठी घेणे ही उडी मोठी ठरते.

प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रयोग थोडे आणि लहान आहेत. १९९७ मध्ये आयदिन व सहकाऱ्यांनी शारीरिक कारण नसलेल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ॲक्युपंक्चरने ६० टक्के, संमोहनाने ७५ टक्के आणि नकली उपचारांनी ४३ ते ४७ टक्के रुग्णांना गुण आला. नकली उपचारानेही जवळजवळ निम्मे बरे वाटतात, हा आकडा या संपूर्ण इतिहासावर प्रकाश टाकतो. गोळी, पट्टा आणि ताईत यांची कीर्ती त्यावरच उभी असावी. को व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील अभ्यासात विद्युत-ॲक्युपंक्चरनंतर १५ टक्के रुग्णांची ताठरता सुधारली. २००३ मध्ये एंगेलहार्ट यांच्या व्हिएन्नातील चमूला मानसिक कारणांच्या रुग्णांत ६८ टक्क्यांहून अधिक यश आढळले. परंतु २००९ मध्ये ली व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पुरावा अपुरा असल्याचाच निर्वाळा दिला. शीघ्रपतनाबाबत २०११ च्या एका तुर्की अभ्यासात ॲक्युपंक्चर नकली उपचारापेक्षा सरस, पण पॅरोक्सेटीन या औषधापेक्षा कमी ठरले. मनाच्या भीतीतून आलेल्या दौर्बल्यात या पद्धतीला काही वाव असू शकतो, रक्तवाहिन्यांच्या विकारात तो शोधणे धोक्याचे आहे, असेच या आकड्यांवरून म्हणावे लागते.

धोका सुईचा नाही, विलंबाचा आहे. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल बाजारात आल्यापासून या व्याधीचे रक्तवाहिन्यांशी असलेले नाते सर्वज्ञात झाले. २००३ मध्ये मोंतोर्सी व सहकाऱ्यांनी इटलीत हृदयविकाराच्या ३०० रुग्णांची पाहणी केली. त्यांतील ४९ टक्क्यांना लैंगिक दौर्बल्य होते आणि त्यांपैकी दोनतृतीयांश रुग्णांत ते हृदयाच्या तक्रारींपूर्वी, सरासरी तीन वर्षांहून अधिक काळ आधी, दिसू लागले होते. मुंबईत कोटणीसांच्याच सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. परंतु अहमदपूरचा रुग्ण तेथवर जात नाही. अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असूनही तो आधी भिंतीवरचा पत्ता शोधतो, आणि तेथे त्याची साखर अथवा रक्तदाब तपासला जाईलच याची हमी नसते. १९५४ च्या अधिनियमाच्या सूचीतील ५४ नोंदींत मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब आणि लैंगिक दौर्बल्य हे चारही एकाच यादीत आहेत. यादी करणाऱ्यांनी त्यांना एकत्र आणले ते जाहिरातबंदीसाठी. रुग्णाच्या शरीरात ते बहुधा एकाच कारणाने एकत्र येतात.