गुऱ्हाळाचं चुलवण : खड्ड्यापासून धुराड्यापर्यंत

गुऱ्हाळाचा हंगाम जवळ आला की आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक विचारणा ठरलेली असते. घरचं चिपाड असूनही जळण का पुरत नाही, बाभळीचं लाकूड विकत का आणावं लागतं? हे कोडं आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळेपासूनचं आहे. ते कसं सुटत गेलं हे पाहिलं, तर आपलं चुलवण कुठं चुकतंय तेही उमगेल.

पूर्वी आपल्याकडे ऊस मोटेच्या पाण्यावर, तोही थोडाच होई. १८७१ साली सोलापूरजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव पुरा झाला, १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे वाहू लागला आणि ऊस वाढला. त्याच सुमारास लोखंडी चरक आला. बिहारातल्या बिहिया गावी थॉमसन आणि मिल्न या दोघा साहेबांनी १८७०च्या दशकात तो काढला. पुढे किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी आपल्याकडेही चरक तयार होऊ लागले. लाकडी घाण्यापेक्षा त्यातून रस जास्त निघे. शेतकरी खूश! पण रस जास्त म्हणजे आटवायचं पाणीही जास्त, आणि चुलवण मात्र तेच जुनं.

ते जुनं चुलवण म्हणजे काय, तर जमिनीत खणलेला खड्डा, वर काहील, एका अंगाला जळण सारायचं तोंड आणि दुसऱ्या अंगाला धूर जायचं भोक. खाली जाळी नाही. राख आणि निखारे तळाशी साचत आणि हवा फक्त तोंडातून शिरे. तिथंच जळण कोंबलेलं, मग हवा जाणार कुठून? निम्मा जाळ तोंडातून बाहेर लवलवे आणि माणसाचे पाय भाजे. ओलसर चिपाड त्यात पेटत नसे, म्हणून सोबत लाकूड लागेच. त्यातच १८७८चा जंगल कायदा आला, राखीव जंगलातली लाकूडतोड आवळली गेली. भार पडला तो बांधावरच्या बाभळीवर.

आता एक घरगुती हिशेब करू. एक टन उसाचा साधारण ६०० किलो रस धरा आणि त्यातून १०० किलोच्या आसपास गूळ. म्हणजे ५०० किलो पाणी वाफ करून उडवायचं. एक किलो गार पाणी तापवून उडवायला ६०० ते ६२० उष्मांक लागतात, तेव्हा एकूण सुमारे तीन लाख. त्याच उसाचं वाळलेलं चिपाड २०० किलोच्या घरात आणि त्यात किलोला सुमारे ४,००० प्रमाणे आठ लाख उष्मांक. घ्या! आठ लाख गाठीला आणि खर्च तीन लाखांचा. आठातले पाच वाया गेले तरी घरच्या चिपाडावर भागतं. पण चुलवणानं आठातले साडेसहा फुकट घालवले, तर अर्धा रस आटतो न आटतो तोच जळण संपतं. लाकडाचा खर्च इथं येतो.

शेती खात्याने हे ओळखून सुधारलेली चुलवणं दाखवायला सुरुवात केली. पुस्तकांत 'पूना भट्टी', चांद्याकडच्या गावावरून 'सिंदेवाही भट्टी' अशी नावं सापडतात. आकार वेगवेगळे, पण मर्म एकच: जळणाखाली जाळी, जाळीखालून हवा आणि मागं उंच धुराडं. आमच्या सोलापुरात भवानी पेठेत जुन्या घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब असे, तो आठवा. मधोमध नळी, खाली जाळी, भोवती पाणी. मूठभर ढलप्यांत घरभर माणसांची आंघोळ. तीच युक्ती मोठ्या मापात.

इकडे १९३०च्या सुमारास गुळाचे भाव कोसळले आणि सासवडच्या माळी बागाईतदारांनी १९३२ साली स्वतःची साखर कंपनी उभी केली. आपल्या जिल्ह्यातलं माळीनगर ते हेच. कारखान्याचा बॉयलर ओलं चिपाडही जाळतो आणि तरी ते उरतं, कारण तिथं एकाच वाफेकडून पुन्हा पुन्हा काम करून घेतात. लखनौच्या ऊस संशोधन संस्थेच्या दोन आणि तीन काहिलींच्या भट्टीत थोडं तसंच आहे. धुराड्याकडे जाणारी आच मागच्या काहिलीतला रस तापवून ठेवते. नवं चुलवण बांधणाऱ्यानं एकच काहील ठेवणं मला तरी पटत नाही.

पण बांधणी चांगली आणि जाळ घालणारा गडी घाईचा, तर सगळं पाण्यात. ताज्या चिपाडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं, ते उडवण्यातच त्याची आच जाते. म्हणून चिपाड पसरून वाळवा. आपल्या कोरड्या हवेत चार-सहा उन्हं बहुधा पुरतात. जळण थोडं थोडं आणि सारखं घालावं. भारा एकदम कोंबला की जाळ दबतो, काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेलं जळणच. धुराड्याच्या टोकाशी ज्वाळा दिसली तर आच काहिलीला न लागता निघून चालली आहे असं समजा. काहील आणि भिंत यांच्यातली फट मातीनं लिंपा, आणि आदण उतरलं की जाळीखालची राख ओढा. सुरुवातीला मळी वर येईपर्यंत जाळ बेताचा ठेवा. मळी काढली की मोठा करा. पाक घट्ट होऊ लागला की पुन्हा ओढून घ्या, नाहीतर तळाला करपतो आणि गूळ काळा पडतो.

अलीकडे काही ठिकाणी जळण कमी पडलं की जुनी टायरं आणि प्लॅस्टिक टाकतात. तो विषारी धूर पहिल्यांदा जाळ घालणाऱ्याच्या आणि गुळव्याच्या छातीत जातो, आणि उघड्या काहिलीवर काजळी बसते ती वेगळीच. टायर विकत आणायच्या आधी एकदा चुलवणात वाकून पाहा. जाळीची भोकं बहुतेक राखेनं बुजलेली असतील.